मनुबाई कानडी बोलू लागली

सांगलीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मनुबाईच्या डाव्या मनगटाला पट्टा बांधला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, केरबा पिसाळांनी, सिस्टरना आधी एवढंच विचारलं, "ह्यानं हात सुजत न्हाई न्हवं?"

सिस्टर नीलिमा पट्टा सारखा करत म्हणाल्या, "नाही आजोबा. घड्याळासारखंच आहे हे. फक्त वेळ दाखवत नाही, नाडी बघतं."

पट्ट्याच्या आतल्या अंगाला बारीक हिरवा उजेड लुकलुकत होता. मनुबाईच्या तर्जनीला एक चिमटा लावला होता, आणि खाटेच्या उशाशी पोथीएवढा एक पडदा टांगला होता. पडद्यावर एक रेघ वर चढत, खाली उतरत पळत होती. कोपऱ्यात हिरवा ठिपका होता.

मनुबाईचा मुतखडा आदल्या दिवशी दुर्बिणीतून काढला होता. आत एक नळी ठेवली होती, ती पुढे काही आठवड्यांनी काढायची होती. नीलिमा सिस्टरनी समजावून सांगितलं ते असं: दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांचा एक अभ्यास चालला आहे. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या अंगात कधीकधी जंतू शिरतो. शरीर त्याच्याशी झगडायला लागतं, आणि एखाद्या वेळी तो झगडा शरीरावरच उलटतो. त्याला सेप्सिस म्हणतात. ताप चढायच्या, रक्तदाब पडायच्या आधीच नाडीची चाल बदलते, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. हा पट्टा ती चाल बघत बसतो. टोचणं नाही, रक्त काढणं नाही. ठिपका नारिंगी झाला की सिस्टरनी येऊन पेशंटला बघायचं.

"म्हंजे नारिंगी झाला की जंतू शिरला," केरबा म्हणाले.

"तसं नाही. शिरला असेल."

"आन हिरवा हाय तवर शिरला न्हाई."

नीलिमा सिस्टर म्हणाल्या, "तसंही अगदी छातीठोक नाही सांगता येत, आजोबा. अजून अभ्यासच चाललाय ना."

केरबांनी मान हलवली, पण त्यांना काही कळलं नव्हतं. ते सैन्यात ट्रक चालवून निवृत्त झालेले. पठाणकोटपासून तेजपूरपर्यंत गाड्या हाकलेल्या. गाडीच्या समोर काटे असत. पाणी तापल्याचा काटा तांबड्या पट्टीत गेला की गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, थंड होऊ द्यायचं. त्या काट्याने त्यांना आयुष्यात कधी 'असेल' असं सांगितलं नव्हतं.

"काय म्हनत्यात?" मनुबाईने उशीवरून विचारलं.

"नाडी बघतंय म्हनं."

"मग बघू दे की. आपलं काय जातंय," असं म्हणून तिने डोळे मिटले.

मनुबाईचं सगळं असंच असायचं. वाईच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी, बोरीचीवाडीला पिसाळांचं घर. तिथे ती सून म्हणून आली ती थेट जतच्या पलीकडून, कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका गावातून. एवढ्या लांबून पिसाळांत कुणी बायको केली नव्हती. झालं होतं असं की केरबांच्या युनिटमध्ये दादासो नावाचा जतकडचा एक शिपाई होता. दोघे एकाच गाडीवर. एका सुट्टीत केरबा दादासोबरोबर त्याच्या गावी उतरले, बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊन आले, आणि ती भाकरी वाढणाऱ्या त्याच्या बहिणीशीच पुढच्या सुट्टीत लग्न लावून मोकळे झाले.

मनुबाईच्या माहेरी घरात कानडीच चालायचं. मराठी तिला येत होतं, पण ती ते हेल काढून बोले. बोरीचीवाडीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात विहिरीवरच्या बायका तिच्या बोलण्याला हसल्या. सासूही हसली. तिने मग कानडी जे बंद केलं, ते बंदच. माहेरची माणसं आली तरी ती त्यांच्याशी मराठीत बोलायची. केरबा तर लग्नानंतर महिन्याभरात युनिटला परत गेले आणि पुढची कितीतरी वर्षं सुट्टीपुरतेच नवरे राहिले. संयोगिता झाली तेव्हा ते लडाखात होते. शंभूराज झाला तेव्हा राजस्थानात. ऊस, जनावरं, सासूचं आजारपण, पोरांच्या शाळा हे सगळं मनुबाईने एकटीने ओढलं. केरबा घरी कायमचे आले तेव्हा पोरं हाताशी आलेली होती. शंभूराज पुढे स्वतःच सैन्यात गेला. संयोगिता लग्न होऊन कुपवाडला आली. तिचा नवरा सिद्धू तिथल्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीन चालवतो, तीही एका कारखान्यात पॅकिंगला जाते.

लेकीकडे चार दिवस राहायला म्हणून आलेल्या मनुबाईच्या कुशीत कळ आली आणि ती इथे खाटेवर येऊन पडली. दिवसा केरबा बसत, कामावरून सुटल्यावर संयोगिता येई.

खोलीत चार खाटा होत्या, त्यांतल्या दोन रिकाम्या. मनुबाईच्या शेजारच्या खाटेवर बाळाबाई होती. राहणार मिरजेची, माहेर कागवाडचं. तिचं पित्ताशय काढलं होतं. तिच्याही हाताला तसाच पट्टा होता आणि तो पट्टा सकाळपासून नुसता बोंबलत होता. ठिपका नारिंगी व्हायचा, बारीक टुंगटुंग वाजायचं, नीलिमा सिस्टर धावत यायच्या. ताप बघायच्या, दाब बघायच्या, सगळं ठीक. मग कळायचं की बाळाबाईने हात उशीखाली घेतला होता. एकदा बांगड्या पट्ट्यावर सरकल्या होत्या. एकदा ती पंख्याखाली हात उघडा टाकून झोपली होती आणि बोटं गार पडली होती.

"मला काय होत न्हाई, ह्या यंत्रालाच कायतरी होतंय," बाळाबाई केरबांना म्हणाली. "आमच्या कागवाडला एक वैद्य होता भाऊ. नाडी धरली की काल काय खाल्लं ते सांगायचा. त्यो बरा म्हणायचा."

"तुमचं काढून घ्यायला सांगा की ताई."

"सही केलीया नव्हं. पोरगा म्हणला, राहू दे, आणिक एक इलाज."

केरबांनीही सही केली होती. नाही म्हणायचं असलं तरी चालेल, असं अभ्यासातल्या एका डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावून सांगितलं होतं. पण मनुबाई म्हणाली, घाला. म्हणून त्यांनी केली.

दुपारपर्यंत केरबांच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली होती: नारिंगी म्हणजे हात सरकला.

मनुबाई सकाळी बरी होती. तिने मऊ भात खाल्ला. घरी शेजारच्यांनी म्हशीला वेळेवर पाणी दाखवलं असेल का, याची चौकशी केली. शंभूराजचा फोन आला तेव्हा त्याच्याशी बोलली. दुपारी जेवण आलं तेव्हा मात्र ती म्हणाली, नको. तोंडाला चव नाही. केरबांना त्यात वावगं वाटलं नाही. दवाखान्याच्या डाळीला चव नव्हतीच.

जेवणानंतर ती पडून राहिली आणि तिचा ठिपका नारिंगी झाला.

केरबांनी आधी तिचा हात बघितला. हात पांघरुणावर सरळ होता. बोटं हाताला गार लागली. त्यांनी ती आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन चोळली, जशी लडाखात युनिटमधल्या पोरांची बोटं चोळायचे तशी. थोड्या वेळाने ठिपका हिरवा झाला. केरबांना बरं वाटलं. पण हात सोडून ते पाणी प्यायला उठले, परत आले, तर पुन्हा नारिंगी.

नीलिमा सिस्टर आल्या. ताप घेतला, नव्हता. रक्तदाब घेतला. तोही म्हणण्यासारखा पडलेला नव्हता. त्यांनी चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला, पट्टा घट्ट केला, पडद्यावरचं बटण दाबून सगळं नव्याने सुरू केलं. रेघ पुन्हा पळायला लागली. थोडा वेळ गेला आणि ठिपका नारिंगी झाला.

"आजी, कसं वाटतंय?"

"बरं हाय," मनुबाई डोळे न उघडता म्हणाली. "निजू द्या वाईच."

"दुखतंय कुठे? थंडी वाजते का?"

मनुबाईने मान हलवली. नाही.

"बाळाबाईच्या सारखंच आसंल, सिस्टर," केरबा म्हणाले. "हात गार पडलाय तिचा."

"तसंही असेल," नीलिमा म्हणाल्या, पण त्या गेल्या नाहीत. पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. "रेघेचा आकार मला वेगळा वाटतोय. मला त्यातलं फार कळत नाही. मी मॅडमना बोलावते."

केरबांना वाटलं, आता कुणाचं खरं मानायचं? बाई म्हणते बरं आहे. ताप म्हणतो बरं आहे. पट्टा म्हणतो नाही, आणि पट्टा सकाळपासून शेजारणीच्या बाबतीत खोटं बोलतोय. सिस्टर म्हणतात मला कळत नाही. फौजेत अशा वेळी वरचा हुकूम यायचा आणि गडी त्याप्रमाणे हलायचा. इथे वर कोण आहे तेच समजेना.

डॉक्टर समीक्षा आल्या. तिशीच्या आतल्या असतील. त्यांनी मनुबाईची नखं दाबून बघितली, पोट दाबलं, श्वास मोजला, लघवीची पिशवी उचलून बघितली. मग केरबांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही त्यांना सगळ्यांत जास्त ओळखता. मला एवढंच सांगा, या नेहमीसारख्या आहेत का?"

हा प्रश्न सोपा होता. पण नेहमीसारखी म्हणजे कशी? मनुबाई घरी दुपारची कधी झोपत नाही, पण घरी तिचं ऑपरेशन कुठे झालं होतं? ती कमी बोलते, पण आज जरा जास्तच कमी बोलत होती. की नव्हती?

"दमलीया जरा," ते शेवटी म्हणाले. "हाय तशीच हाय."

तेवढ्यात मनुबाईने डोळे उघडले. तिने केरबांकडे बघितलं, अगदी नीट, वरून खाली, आणि पदर डोक्यावर ओढायला हात वर नेला. अंगात दवाखान्याचा झगा होता, पदर नव्हता. तिची बोटं डोक्यापाशी रिकामीच चाचपडली. मग ती हलक्या, अदबीच्या आवाजात म्हणाली, "नीव यार्री?"

केरबा हसले. त्यांना वाटलं, तिला बरं वाटतंय म्हणून थट्टा करतेय. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. ती पुन्हा काहीतरी बोलली, आता जरा लांब, आणि दाराकडे बघितलं. केरबांना एक शब्द कळला नाही. हा आवाज मनुबाईचा होता, पण त्यातले चढउतार त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. दादासोच्या गावी, त्या भाकरीच्या दिवशी, चुलीपाशी ऐकले असतील तेवढेच.

"काय म्हणाल्या त्या?" डॉक्टर समीक्षांनी विचारलं.

"काय की. कानडी हाय ते. माहेरचं."

"घरी बोलतात?"

"न्हाई. कवाच न्हाई."

शेजारच्या खाटेवर बाळाबाई उठून बसली होती. "बाई, मला कळतंय ती काय म्हणतीया," ती म्हणाली. मग केरबांकडे बघून जरा अडखळली. "भाऊ, ती इचारतीया, तुम्ही कोण. आणि म्हणतीया, नम्म मनियाव्रु यावाग बर्तार. म्हंजे, आमचे मालक कवा येणार. मिलिटरीत हायत म्हणतीया. घरात गडीमाणूस न्हाई, तुम्ही बाहेर बसा, म्हणतीया."

केरबा उभे होते ते तसेच उभे राहिले. बाहेर जायचं की थांबायचं हे त्यांना कळेना. त्यांचा एक पाय खरोखरच दाराकडे वळला होता.

डॉक्टर समीक्षांचं मात्र सगळं एकदम ठरलं असं दिसलं. त्या नीलिमा सिस्टरना भराभर सांगू लागल्या. रक्त काढायचं, लघवी तपासणीला पाठवायची, सलाईन जोरात सोडायचं, अमुक अँटिबायोटिक ताबडतोब. त्यांनी वरच्या डॉक्टरांना फोन लावला. केरबांना एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "नाही सर, ताप नाहीये. दाब थोडा खाली आहे, पण फार नाही. हो सर, तो पट्टा नारिंगी दाखवतोय. हो, मला माहीत आहे तो चुकतो. पण त्या नवऱ्याला ओळखत नाहीयेत, श्वास वाढलाय, लघवी कमी झालीये. रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही मला." मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "ठीक आहे सर. मी सुरू करते. जबाबदारी माझी."

मनुबाईला आयसीयूत नेताना तिने ट्रॉलीवरून एकदा मान वळवून बघितलं. केरबांकडे नाही, त्यांच्या मागे.

बाहेरच्या बाकावर केरबा बसले. संयोगिता कारखान्यातून थेट स्कूटीवर आली, अंगात कंपनीचा निळा कोट तसाच. तिने विचारलं, "काय झालं आप्पा? सकाळी तर चांगली बोलली माझ्याशी."

"काय झालं त्येच कळंना," केरबा म्हणाले. "ताप न्हाई. दुखत न्हाई. पट्टा नारिंगी झाला. पन त्यो सगळ्यांचाच हुतोय. मग तिनं मला वळाखलं न्हाई. मग ह्यांनी पळापळ केली."

"तुम्हाला ओळखलं नाही?"

"मिलिटरीत हाय म्हनली. मी."

संयोगिता त्यांच्या शेजारी बाकावर टेकली. लहानपणी तिनेही पुष्कळदा हेच उत्तर दिलं होतं. कुणी दारात येऊन वडिलांची चौकशी केली की सांगायचं, मिलिटरीत आहेत. केरबांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना विचारावंसं वाटलं की मी नसताना तुझी आई कशी होती. पण इतक्या वर्षांनी हे दवाखान्याच्या बाकावर कसं विचारायचं, ते त्यांना जमलं नाही.

दिवेलागणीच्या सुमाराला मनुबाईचा रक्तदाब घसरला. डॉक्टर समीक्षा बाहेर येऊन दोघांना सांगून गेल्या: दाब टिकवायचं औषध चालू केलं आहे, अँटिबायोटिक आधीच आत गेलं आहे, ते बरं झालं, आता वाट बघायची. जंतू बहुतेक मूत्रमार्गातून रक्तात गेला असावा. म्हातारपणी ताप येत नाही असंही होतं. आधी डोकं भ्रमतं.

"म्हंजे येडी झाली?" केरबांनी विचारलं.

"नाही काका. मेंदूला पुरेसं रक्त पोचत नाही, म्हणून गोंधळ होतो. बऱ्या झाल्या की जाईल."

"आन कानडी कुठनं आलं?"

डॉक्टर समीक्षांनी खांदे जरा वर केले. "ते मला नाही सांगता येणार. आधी शिकलेलं असतं ते खोल असेल कुठेतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूत एकेकाला आत सोडणार होते. त्याआधी केरबा जुन्या खोलीत बाळाबाईकडे गेले. तिला आता घरी सोडणार होते, हातातला पट्टा निघाला होता आणि ती मनगट चोळत बसली होती.

"ताई, एक सांगा. मी आलोय, हे कानडीत कसं म्हनायचं?"

बाळाबाईने त्यांच्याकडे बघितलं. "ना बंदीनी."

"ना बंदीनी," केरबा म्हणाले. त्यांनी ते वाटेत मनातल्या मनात पुष्कळदा म्हटलं. दारावर चपला काढताना, हात धुताना, हिरवा झगा चढवताना. मध्येच एकदा शब्द निसटला. मग सापडला.

मनुबाईचे डोळे अर्धवट उघडे होते. नाकाला नळी, गळ्यापाशी नळी. मनगटावर तो पट्टा होताच. ठिपक्याचा रंग केरबांनी मुद्दाम बघितला नाही. बघून काय समजायचं, हे त्यांना कालपेक्षाही कमी कळत होतं. ते तिच्या कानापाशी वाकले.

"मनू. ना बंदीनी."

तिने डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या ओठांच्या कडा हलल्या आणि ती कानडीत बोलू लागली. चांगलं लांबलचक. मध्ये एकदा तिचा आवाज चढला, जसा भांडताना चढतो. मध्ये एकदा ती थांबली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग पुन्हा बोलली. केरबांना त्यातलं 'नीर' एवढंच कळलं, म्हणजे पाणी, आणि एकदा संयोगिताचं नाव आलं असं वाटलं. ते मान हलवत राहिले. व्हय, व्हय, म्हणत राहिले. ती त्यांना शिव्या देत होती, की घरचं सांगत होती, की आणखी कुणाशीतरी बोलत होती, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. आयसीयूची सिस्टर कोकणातली होती. तिने घड्याळाकडे बोट दाखवलं, वेळ संपली.

बाहेर आल्यावर संयोगिताने विचारलं, "बोलली?"

"बोलली."

"काय?"

"लय बोलली," केरबा म्हणाले, आणि बाकावर बसले.

पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका दुपारी मनुबाईने शुद्ध मराठीत, बोरीचीवाडीच्या मराठीत, विचारलं, "आवं, तुमी जेवला का न्हाई?" केरबांनी तिला तिचं नाव विचारलं, लेकीचं विचारलं, म्हशीचं विचारलं. सगळं बरोबर आलं. मधलं काहीच आठवत नव्हतं. "मी कानडी बोलले?" ती म्हणाली. "कायतरीच. मला आता येतंय कुठं."

"मला तू लय कायतरी सांगितलंस."

"काय सांगितलं?"

"त्येच तुला इचारतोय."

"मला काय ठावं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

तपासणीला पाठवलेल्या रक्ताचा निकाल आला. त्यात जंतू उगवला नव्हता. लघवीतही नाही. केरबांनी डॉक्टर समीक्षांना गाठलं. "मॅडम, जंतूच न्हवता म्हंजे मग काय हुतं?"

"जंतू सापडला नाही, काका. नव्हता असं नाही. पुष्कळदा सापडत नाही. त्यांची सगळी लक्षणं सेप्सिसचीच होती, आणि औषधाने उतार पडला."

"आन पट्ट्याला कळलं हुतं."

"कदाचित."

"पट्टा नसता तर?"

डॉक्टर समीक्षा दमलेल्या दिसत होत्या. त्या भिंतीला टेकल्या. "खरं सांगू? मला माहीत नाही. पट्टा नसता तर सिस्टर त्या वेळी आल्या नसत्या, मी आले नसते, आणि त्या कानडीत बोलल्या ते तुम्ही मला बोलावून सांगितलं असतं की नाही, हेही मला माहीत नाही. सांगितलं असतं का?"

केरबा विचारात पडले. त्यांना वाटलं, हो म्हणावं. पण ते तर हसले होते, थट्टा समजून. "काय की," ते म्हणाले.

पुढे आतली नळी काढायला मनुबाईला पुन्हा सांगलीला आणलं. त्या दिवशी अभ्यास करणाऱ्यांपैकी अंकिता नावाची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. तिने केरबांना खुर्चीवर बसवलं, शर्टाच्या गुंडीपाशी माईक लावला आणि गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, पट्ट्यामुळे आजींचा जीव कसा वाचला, ते तुमच्या शब्दांत सांगा. घाबरू नका."

केरबा घाबरले नव्हते. ते ताठ बसले. "त्या दिवशी दुपारी ठिपका नारिंगी झाला," त्यांनी सुरुवात केली. "पन त्येच्या आदी शेजारच्या बाईचा सकाळपासनं हुतच हुता. तिला काय झालं न्हाई. मी मनूचा हात चोळला तर हिरवा झाला. मग परत नारिंगी. ताप नव्हता. मॅडमनी मला इचारलं, नेहमीसारखी हाय का. मी म्हनलो हाय. तवर ती कानडी बोलली."

"ते कानडीचं राहू दे आजोबा," अंकिता म्हणाली. "पट्ट्याने सांगितलं आणि उपचार सुरू झाले, एवढंच."

"पट्ट्यानं सांगितलं, आन कानडीनंबी सांगितलं. बाळाबाई नसती तर ती काय म्हनतीया त्ये कळलं नसतं. मॅडमनी फोनवर भांडून औषध सोडलं. रिपोर्टात जंतू न्हाई आला. आता ह्यातलं नक्की कशानं वाचली, त्ये मला सांगा, मी तसं म्हनतो."

अंकिताने कॅमेऱ्यामागून डोकं काढलं. "मी थोडं कापून घेईन," ती म्हणाली. दाराशी उभ्या असलेल्या नीलिमा सिस्टर तोंडावर हात धरून हसत होत्या.

त्याच दुपारी केरबा आणि मनुबाई साताऱ्याच्या एसटीत बसले. संयोगिताने पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि भडंगाची पुडी दिली होती. पाणी भरपूर प्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मनुबाईला खिडकी हवी होती, ती तिला मिळाली. गाडी हलल्यावर तिने थोडं भडंग खाल्लं, थोडं पाणी प्याली आणि खिडकीच्या गजाला डोकं टेकून गप्प बसली. डोळे मिटलेले. ऊन तिच्या गालावर येत होतं, जात होतं.

केरबा तिच्याकडे बघत राहिले. झोपलीय की नुसती बसलीय, ते कळेना. त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्याने नाडी चाचपली. लागत होती. भरभर होती की सावकाश, बरी की वाईट, यातलं त्यांना काहीच कळत नव्हतं.

"मनू," त्यांनी हळूच विचारलं. "मी कोन?"

तिने डोळे उघडले नाहीत. "आवं, सकाळधरनं कितीदा इचारताय," ती म्हणाली. "गप बसा की वाईच."

केरबा गप्प बसले. पण हात त्यांनी सोडला नाही, आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा विचारलं.